अधिकचं चिन्ह असेल तरच

माझ्या नवऱ्याला कंपनीनं पहिल्यांदा जर्मनीला पाठवलं, तेव्हा तयारीची सुरुवात माझ्या कानातल्या डुलापासून झाली. फोनमधलं सिमकार्ड बाहेर काढायची बारीक पिन हरवली होती आणि डुलाची तार त्या भोकात नेमकी बसते असा शोध त्यानं लावला. डुलं माझ्या वडिलांनी लग्नात घातलेली. त्यातल्या एकाची तार तेव्हापासून वाकडी आहे. सोनाराकडं नेली तर तो दोन मिनिटांत सरळ करून देईल, पण मी नेत नाही. रोज सकाळी ती कानात घालताना थोडी टोचते आणि मला सगळं पहिल्यापासून आठवतं. ते आठवावं अशीच माझी इच्छा आहे.

तोंडावर मी त्याला ‘तुम्ही’ म्हणते. लिहिताना म्हणणार नाही.

वाळूजच्या एका कंपनीत तो मशिनींचं काम बघतो. नवी मशीन जर्मनीहून येणार होती आणि ती शिकून घ्यायला तीन महिने तिकडं जायचं होतं. आमच्या भावकीत विमानात बसणारा तो पहिलाच. गंगापूरजवळच्या ज्या गावात त्याच्या आज्यापणज्यांनी मेंढरं राखली, तिथं वेशीवर त्याचा कोट घातलेला फोटो लागला. त्याच फलकावर खाली कोपऱ्यात आबांचा फोटो होता, पागोट्यातला, आणि बारीक अक्षरात ‘शुभेच्छुक’. आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई मी या घरात यायच्या आधीच गेलेल्या. पोराला नोकरी लागली तशी आबांनी मेंढरं विकली आणि ते आमच्याजवळ शहरात, चौथ्या मजल्यावर राहायला आले. दिवसभर गॅलरीत बसून खालच्या रस्त्यावरच्या गाड्या बघत. एवढ्या वर्षांत एकदाही त्यांनी जेवणाला नाव ठेवलं नाही की पंख्याला.

तर अडचण अशी होती. नवऱ्याच्या महागड्या फोनला सिमची खाच एकच. तिच्यात जर्मनीचं कार्ड घालायचं म्हणजे इथलं बाहेर काढावं लागणार. आणि इथल्या कार्डावर बँकेचे ओटीपी येतात. फ्लॅटचा हप्ता, विमा, काय काय. तो आकडा सांगितल्याशिवाय काही पुढं सरकत नाही. म्हणजे ते कार्ड घरातल्या कुठल्यातरी फोनमध्ये जागं राहायला हवं होतं. मी शाळेत शिकवते आणि शाळा सुटेपर्यंत आमचे फोन कपाटात कुलपाआड असतात. म्हणून माझा फोन बाद. राहिला आबांचा, बटणांचा. त्याला खाचा दोन होत्या, पण एकीतला पत्रा कधीचा वाकून बसलेला.

“क्रांती चौकात साधा फोन मिळतो. एक घेऊन टाका ना,” मी म्हटलं.

“तीन महिन्यांसाठी कशाला? आणि आबांना फोन येतो कुणाचा?”

आबा तिथंच सोफ्याच्या टोकाला बसले होते. सोफ्यावर ते नेहमी टोकालाच बसतात, कुणी उठवलं तर पटकन उठता यावं तसे. ते आपल्या फोनची बटणं धोतरानं पुसत राहिले. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला, कारण कुणाचा फोन येतो ते त्यालाही माहीत होतं.

आत्याचा यायचा. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. सोयगावच्या पलीकडं डोंगराच्या कडेला तिला दिलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एक मुलगा आणि सून, थोडी कोरडवाहू जमीन. रोज दिवेलागणीला तिचा फोन येई. आबांना अक्षर वाचता येत नाही, पण अंक येतात. मेंढरं मोजून आणि एसटीच्या पाट्या बघून शिकलेले. बहिणीचा नंबर शेवटच्या दोन आकड्यांवरून ओळखून ते फोन कानाला लावत आणि पहिलं वाक्य ठरलेलं असे.

“जित्ती हायस का गं अजून?”

“तुह्या आधी जात नाय,” पलीकडून आवाज इतका मोठा येई की मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

मग एकमेकांच्या दुखण्यांची टवाळी, गावातलं कोण मेलं, कुणाची सून कशी नालायक निघाली. मी पोळ्या लाटत ते ऐकायची. आमच्या घरात दिवसभरात तेवढाच काय तो हसण्याचा आवाज व्हायचा.

त्या हिवाळ्यापासून मात्र आत्याच्या पोटात पाणी होत होतं. डॉक्टरांनी दोनदा काढलं आणि नंतर घरी न्या म्हणून सांगितलं. आत्याला त्याचा अर्थ कळला होता. ती आबांना म्हणाली, “लुगडं आणून ठेव मव्हं. हिरवं आण.”

“रांडमुंड बाईला हिरवं?” आबा म्हणाले.

“नवरा मेला मव्हा. माहेर नाय मेलं.”

हे ज्यांच्याकडं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं लग्न झालेली बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात. भाऊ ते घेऊन येतो. तो येईपर्यंत उचलत नाहीत. जन्मभर सासरी राबलेली बाई जाताना एकदाच, सगळ्यांच्या देखत, माहेरची होते. आत्यानं भावाकडून बाकी काही म्हणजे काही मागितलं नव्हतं, जमिनीत हिस्सासुद्धा नाही. एवढं एक मागत होती, आणि ते मागतानाही हसत होती.

आबा मला घेऊन गुलमंडीला गेले. दुकानदारानं गाद्यांवर ढीग टाकला आणि मला बघून म्हणाला, “बहू के वास्ते देखरे क्या चाचा? ये कलर बहुत चलरा आजकल.”

“नाय,” आबा म्हणाले. “बहिणीला पायजे. सरणावर.”

दुकानदारानं बाकीची लुगडी गपचूप मागं सारली. आबांनी काठ दोन बोटांत धरून चोळून पाहिला, रंग जातो का विचारलं. सरणावर घालायच्या कापडाचा रंग जातो का हे विचारणारा माणूस मी तेव्हाच पाहिला. घरी आल्यावर त्यांनी ते पिशवीसकट आपल्या पेटीत ठेवलं.

खरं तर त्यांना सोयगावलाच जाऊन राहायचं होतं. बहिणीच्या उशाशी बसायचं आणि जे व्हायचं ते होऊ द्यायचं. बॅग भरायला बसलेल्या पोराला त्यांनी तसं सांगितलंही.

“तिथं माझ्या कार्डाला रेंज नाही आबा,” नवरा म्हणाला. “कार्ड तुमच्या फोनमध्ये राहणार. फोन लागला नाही तर माझी सगळी कामं अडतील. तीन महिने कळ काढा, मी आलो की खुशाल जा. आत्या काय पळून जाती का?”

आबा ‘बरं’ म्हणाले. आपल्यामुळं पोराचं काही अडावं हे त्यांना सहन होत नाही, आणि पोराला हे पक्कं माहीत आहे. त्यावरच त्याचा सगळा संसार चाललाय, माझ्यासकट.

मग अदलाबदल झाली. नवऱ्याचं कार्ड नखाएवढं. बटणांच्या फोनमध्ये बसावं म्हणून त्याला प्लॅस्टिकची चौकट आणली. आबांचं कार्ड निघालं, जुनं, मोठ्या आकाराचं. ते कुठं ठेवायचं म्हणून मी डबी शोधत होते, तोवर आबांनी आपली चंची उघडली आणि पानतंबाखूच्या कप्प्यांपैकी एका रिकाम्या कप्प्यात ते सरकवून दोरी गुंडाळली. नंतर नवरा त्यांच्यासमोर बसला आणि त्यानं नियम समजावला. तो आपल्या जर्मनीच्या नंबरावरून फोन करणार. त्या नंबराच्या पुढं अधिकचं चिन्ह येतं. टेबलावर बोटानं काढून दाखवलं.

“अधिकचं चिन्ह असेल तरच उचला. बाकी कुणाचाही वाजला तरी उचलायचा नाही. हल्ली फसवणारे लोक लई झालेत. तुम्ही काहीतरी बोलून बसाल आणि बँकेतलं सगळं धुऊन जाईल. कळलं ना?”

“व्हय. अधिक असंल तरच.”

“आणि बाकीचे?”

“वाजू द्यायचे.”

एवढा शहाणा विद्यार्थी मला शाळेत कधी भेटला नाही.

माझ्या फोनवरून बोला म्हटलं, तर सुनेच्या फोनात बहिणीला शिव्या घालणं आबांना बरं वाटेना, म्हणून रविवारची सोय मी काढली. रविवारी बँका बंद, आकड्याचं काम निघत नाही. मी डुलाच्या तारेनं नवऱ्याचं कार्ड उचकटून काढायची, आबा चंचीतून आपलं काढून द्यायचे, त्यावरचा चुना मी पदराला पुसायची आणि फोन आबांच्या हातात. मग ते गॅलरीत जाऊन बहिणीशी बोलायचे. सहा दिवसांचं साठलेलं असे. संध्याकाळी पुन्हा कार्डं बदलायची. आत्याला हे सगळं गमतीचं वाटायचं. “आता काय रविवारचीच भाकर देतोस व्हय?” असं म्हणायची. पण आवाज दर रविवारी खाली चालला होता. हल्ली तो मला स्वयंपाकघरात ऐकू येत नसे.

बाकीचे सहा दिवस आबा फोन मांडीवर घेऊन बसत. जेवताना ताटाशेजारी, अंघोळीला जाताना मोरीच्या बाहेर स्टुलावर. वाजला की उचलून डोळ्यांजवळ नेत, पहिली जागा बघत, आणि चिन्ह नसेल तर परत मांडीवर ठेवत. कर्ज देणारे, विमा विकणारे, कोण कोण. फोन थरथरत राही आणि आबा त्याच्याकडं बघत राहत. अधिकचा आला की त्यांचा चेहरा उजळे. नवरा आकडे विचारी, आबा एकेक अंक सुटा सुटा वाचून दाखवत. मग विचारत, “जेवलास का? थंडी हाय का तिकडं?” आणि तो म्हणे, “ठेवतो आबा, महाग पडतंय.” तरी दिवसभर ते मला सांगत राहायचे, “आज त्याचा फोन आला व्हता.”

असे दोन महिने गेले. ऊन चढलं. एका रविवारी आत्यानं फोनवर विचारलं, लुगडं हिरवंच आणलंस ना. आबा म्हणाले, हिरवंच हाय, गर्द. ती म्हणाली, माहेरचं आल्याबिगर मला उचलू देणार नाय, सांगून ठेवलंय पोराला. आबांनी तिला चार शिव्या दिल्या. फोन ठेवल्यावर चंचीतून तंबाखू काढली आणि ती न मळताच परत ठेवून दिली.

पुढच्या रविवारी कार्ड बदललं आणि आबांनी नंबर लावला. माझा हात पिठात होता. “जित्ती हायस का गं अजून,” एवढं त्यांचं वाक्य मी ऐकलं. त्यानंतर पलीकडून भाच्याचा आवाज आला, आत्याच्या मुलाचा. फोनचा आवाज मोठा ठेवलेला असे, म्हणून मला शब्द न् शब्द कळला.

“मामा, आता कशाला फोन केला?”

आबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बुधवारी गेली आई. सकाळच्या पारी. तुमचा फोन बंद. मह्या फोनावरून दादाच्या नंबराला लावला तर नुसता वाजतोय. किती येळा लावला मामा. लोकं म्हणाले माहेरचं येऊस्तोवर थांबा. थांबलो आम्ही. दिस मावळायला आला, ऊन किती, कुठवर थांबायचं?”

आबांनी फोन कट केला नाही. गॅलरीच्या कठड्यावर तसाच ठेवला आणि आत येऊन पेटी उघडून बसले. भाचा पलीकडून बोलत होता, मामा, मामा म्हणत होता. शेवटी मी जाऊन तो बंद केला. बुधवारी मी शाळेतून आले तेव्हा आबांनी मला नेहमीसारखंच सांगितलं होतं, “आज त्याचा फोन आला व्हता.” बाकी कुणाचा वाजला हे सांगायचं त्यांना काही कारण नव्हतं. अधिक नव्हता, म्हणजे तो फोनच नव्हता. माझ्या फोनवर कुणी लावला नाही, कारण लग्नाला एवढी वर्षं होऊनही नवऱ्याच्या नातलगांत माझा नंबर कुणी घेतलेला नव्हता. सुनेला कोण कशाला फोन करतंय?

सोमवारी रजा टाकून मी आबांबरोबर एसटीनं सोयगावला गेले, तिथून जीपनं पुढं. लुगड्याची पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही. दारात पोचल्यावर कुणी रडलं नाही. सुतक होतं, बाया बसल्या होत्या, त्यांनी आम्हाला जागा करून दिली आणि पाणी दिलं. आबांनी पिशवी पुढं केली. भाच्यानं ती घेतली नाही.

“आता कुणाच्या अंगावर घालायचं हे मामा?”

“मग कुणी घातलं?” आबांनी विचारलं.

“मह्या सासऱ्यानं. ते आले व्हते. माहेरचं कोन हाय म्हणून बुवांनी तीनदा इचारलं, कुणी बोलंना. मग सासरेच म्हणाले, मीच व्हतो तिचा भाऊ. दुकानातून आणलं व्हतं कायतरी. पिवळं.”

पिवळं, हे त्यानं मुद्दाम सांगितलं. मला त्याचा राग आला नाही. दिवसभर उन्हात आईचं प्रेत राखत बसलेल्या माणसाला एवढं बोलायचा हक्क आहे. आबांनी पिशवी परत मांडीवर घेतली आणि वरची गाठ पुन्हा नीट बांधली.

मी मागं परसात तोंड धुवायला गेले तेव्हा भाचा माझ्या मागून आला. “वहिनी, एक दाखवायचंय,” म्हणाला आणि त्यानं फोन पुढं केला. माझ्या नवऱ्याला पाठवलेला व्हॉट्सअॅप मेसेज होता. फोन उचलत नाहीत म्हटल्यावर त्यानं बुधवारी सकाळी तो टाकला होता. ‘दादा आई गेली. मामाला पाठवा. लुगड्यासाठी थांबलोय.’ कार्ड इथं आबांच्या मांडीवर असलं तरी नवऱ्याचं व्हॉट्सअॅप जुन्याच नंबरावर जर्मनीत चालू होतं. मेसेजच्या खाली दोन निळ्या खुणा होत्या.

“सकाळीच निळ्या झाल्या,” भाचा म्हणाला. “म्हणून तर आम्ही थांबलो दिसभर. म्हटलं वाचलंय, म्हणजे निघाले असतील.”

त्या बिचाऱ्यांनी त्या दोन खुणांवर भरवसा ठेवला. आणि त्या बुधवारीच दुपारी नवऱ्यानं आबांना अधिकचा फोन केला होता. आबांनी त्याला आकडे वाचून दाखवले होते, जेवलास का विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, ठेवतो आबा, महाग पडतंय.

मी भाच्याला सांगितलं, मामांना यातलं काही बोलू नका. तो नाही बोलला. मी त्याचा नंबर घेतला आणि त्याला माझा दिला.

परतीच्या एसटीत आबा खिडकीशी बसले. सिल्लोडपर्यंत पिशवीची गाठ चाचपत राहिले. मग म्हणाले, “मह्या हातात वाजत व्हता पोरी.”

“आबा, तुम्हाला काय माहीत.”

“मह्या हातात वाजत व्हता. म्या बघितला. अधिक नव्हता. बहीण दारात निजलीया आन् म्या वाजणाऱ्या फोनाकडं बघत बसलो.”

पुढं म्हणाले, “मव्हंच चुकलं.” मी त्यांना तिथंच निळ्या खुणांचं सांगू शकले असते, त्यांचं ओझं निम्मं झालं असतं. नाही सांगितलं. नवऱ्याच्या तोंडावर, तो समोर बसलेला असताना सांगायचं मी ठरवलं होतं. फोनवर सांगितलं तर तो ‘महाग पडतंय’ म्हणून ठेवून देईल हे मला माहीत होतं. त्यासाठी आबांना आणखी महिनाभर ते ओझं वाहावं लागलं. तरीही मला आजही वाटतं की मी बरोबर केलं.

त्याला मात्र मी दुसऱ्याच दिवशी विचारलं. शाळेतून घरी न जाता बसथांब्यावर उभं राहून व्हिडिओ कॉल लावला. त्याला तोंड लपवता येऊ नये म्हणून.

“वाचलं होतं ना तुम्ही?”

“हे बघ, आबा उन्हातान्हात धावत सुटले असते. त्यांचं बीपी बघ. आणि त्या दिवशी बँकेचं काम अर्धवट होतं, ते निघून गेले असते तर—”

“दुपारी बोललात ना त्यांच्याशी?”

“अगं, गेलेलं माणूस परत येणार होतं का? आल्यावर सांगणारच होतो मी. नीट, समोर बसून.”

समोर बसून. ते शब्द मी जपून ठेवले.

तो आला तेव्हा गोरा होऊन आला होता. कॉलनीत चॉकलेटं वाटली. माझ्यासाठी पर्स, आणि आबांसाठी नवा फोन, मोठ्या पडद्याचा. जेवायला बसल्यावर त्यानं तो खोक्यातून काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

“आबा, याला दोन खाचा आहेत. आता पुढच्या वेळी काढघालीची कटकट नाही. दोन्ही कार्डं आत राहतील.”

आबांनी फोनला हात लावला नाही, पण पोराकडं मायेनं बघितलं. खरंच मायेनं. ते पाहून माझ्यात उरलीसुरली दया होती तीही गेली. मी भाकरी वाढता वाढता म्हटलं, “आबा, तुमचं काही चुकलं नव्हतं. आत्या गेल्याचं यांना बुधवारी सकाळीच कळलं होतं. सोयगावच्या भाऊजींनी मेसेज टाकला होता. यांनी वाचला. मग दुपारी तुम्हाला फोन करून आकडे विचारले.”

नवऱ्याचा घास हातातच राहिला. माझ्याकडं त्यानं जे बघितलं ते मला अजून पुरतंय.

आबा त्याला म्हणाले, “वाचलं व्हतंस?”

“आबा, ऐका, तुमची तब्येत—”

“व्हय का नाय?”

“हो. वाचलं होतं. पण—”

“बरं,” आबा म्हणाले आणि ताटातली भाकरी संपवली. एक कण उरू दिला नाही. ताटात हात धुतला, उठले, आपल्या पेटीतून हिरवं लुगडं काढून आणलं आणि माझ्या हातात दिलं. “हे त्याच्या खणात ठेव. सदऱ्यांवर.”

तेव्हापासून ते तिथंच आहे. नवऱ्याच्या कपाटात, इस्त्रीच्या शर्टांच्या चळतीवर. एकदा त्यानं ते खाली काढून ठेवलं, तर आबांनी उचलून परत वर ठेवलं. एकदा तो म्हणाला, कुणाला तरी देऊन टाकू. मी विचारलं, सरणासाठी घेतलेलं लुगडं घेईल अशी एखादी बाई तुमच्या बघण्यात आहे का? पुन्हा विषय नाही काढला. आता रोज सकाळी कंपनीत जाताना तो ते एका हातानं वर धरतो, खालून शर्ट ओढतो आणि पुन्हा ठेवतो. मी डूल घालता घालता आरशातून बघत असते. नवा फोन खोक्यात तसाच पडून आहे. आबा जुन्याच फोनवर आहेत, आपल्या कार्डावर. आता दिवेलागणीला तो वाजत नाही.

गेल्या आठवड्यात तो पुन्हा जर्मनीला गेला, या खेपेला सहा महिने. कार्डाचं यावेळी मला काही विचारलं नाही. त्यानं आपल्यासाठी दोन खाचांचा फोन घेतलाय. दुपारी मुंबईला जायची गाडी खाली येऊन थांबली. बॅगा लिफ्टपाशी नेल्या. त्यानं आबांच्या पाया पडून नेहमीचं वाक्य म्हटलं, “काही लागलं तर लगेच फोन करा आबा.”

आबा सोफ्याच्या टोकाला बसले होते. त्याच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, तो ठेवायचा चुकवला नाही. बोलले मात्र माझ्याशी.

“पोरी, म्या मेलो तर याला फोन करू नको. मेसेज टाक. त्यो वाचतो.”

तो दारात उभा होता. मी त्याच्याकडं बघत आबांना ‘बरं’ म्हटलं. आणि मी तसंच करणार आहे.